“आत काय सांगितलंस?”

लेक दुसरीत असताना रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. रविवारी नाही, सुट्टीत नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कशात काही सापडलं नाही. मग शाळेतल्या समुपदेशक मॅडमचा निरोप आला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता ही आत जाऊन घरातलं काय काय सांगणार?

पहिल्या सेशननंतर घरी पोचेपर्यंत मी तिची उलटतपासणी घेतली. मॅडमनी काय विचारलं? तू काय सांगितलंस? आमच्याबद्दल काही बोललीस का? पुढच्या वेळी ती चाळीस मिनिटं एकच घर रंगवत गप्प बसली. मॅडमनी मला बोलावून शांतपणे विचारलं, “मागच्या वेळी घरी जाताना काही बोलणं झालं का?” मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पालकांचा सहभाग म्हणजे मूल आत काय बोललं ते आपल्याला कळणं, असं मी धरून चालले होते. मॅडमनी पहिल्याच भेटीत नियम सांगितला होता : ती बोलेल ते माझ्याजवळ राहील. तिला कुणापासून धोका आहे असं दिसलं, तर मात्र गप्प बसणार नाही. (आणि तो धोका घरातलाच असेल, तर ती गोष्ट आधी पालकांच्या कानावर जाईलच असं नाही. हे ऐकताना राग येतो. पण ते बरोबर आहे.)

मग आमचं काम काय? आठवड्याचे १६८ तास, त्यातली मॅडमकडे ४० मिनिटं. सात वर्षांच्या पोरीच्या हातात ना घरातली झोपेची वेळ, ना आईबाबांचे आवाज. ते बदलायचं तर आम्हीच.

गंमत म्हणजे, मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडने १९०९ मध्ये घोड्यांना घाबरणाऱ्या एका लहान मुलाची केस छापली, त्यात उपचार बहुतेक वडिलांनीच केले होते. फ्रॉइड स्वतः त्या काळात मुलाला एकदाच भेटला. त्याचे निष्कर्ष मला काही पटत नाहीत, पण ते असो. पुढे १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड गर्नींनी ‘फिलिअल थेरपी’ मांडली. त्यात पालकांनाच मुलांसोबत खेळायला शिकवतात. खेळ मूल ठरवणार. आपण शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत.

मॅडमनी आम्हाला तसलाच गृहपाठ दिला. आठवड्यातून अर्धा तास, फोन दुसऱ्या खोलीत. प्रश्न न विचारता अर्धा तास काढून बघा एकदा! दहा मिनिटांत माझी जीभ शिवशिवायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात तिने सगळी खेळणी शाळेत पाठवली, फक्त ससा दाराशी बसवला. “हा जात नाही शाळेत. भांडण झालं तर सोडवायला कुणीतरी नको?”

सकाळी तिला सोडायला कोण जाणार यावरून आमचं दोघांचं रोज वाजायचं. एवढंच. आमच्या लेखी ते भांडणसुद्धा नव्हतं.

त्यानंतरच्या भेटीला नवराही आला. तोवर त्याला कुणी बोलावलंच नव्हतं, शाळेकडे नंबर फक्त माझा. शाळांना माझं एवढंच सांगणं आहे : दोघांना बोलवा, आणि नोकरी करणाऱ्यांना जमेल अशा वेळी बोलवा.

पोटदुखी काही लगेच थांबली नाही, दोन-अडीच महिने गेले. सेशनहून ती बाहेर आली की अजूनही माझ्या जिभेवर तोच प्रश्न येतो. मी पाण्याची बाटली पुढे करते.