अकरा घरं, बावीस करंज्या

आमच्या चर्चच्या मंडळीत कॅरोलला, म्हणजे नाताळात घरोघरी गात फिरायला, आवाजाची अट नाही. पोटाची आहे. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं.

मुंबईत मी नवीन. भायखळ्याला उपासना सुटल्यावर एका काकांनी "सलाम" करून गाव विचारलं. म्हटलं, "वडाळा."

"मग हार्बर लोकलनं आलात?"

"नाही, नेवाशाकडचं वडाळा."

झालं! अमेरिकन मराठी मिशनची माणसं, म्हणजे अमेरिकेतले ख्रिस्ती मिशनरी, १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं मांडलं. त्यामुळे इथं कुणालाही खरवडलं की खाली नगर जिल्हा निघतो. चौथ्या मिनिटाला मी काकांच्या आत्याच्या दिराचा नातू ठरलो, पाचव्या मिनिटाला कॅरोलच्या यादीत चढलो.

काका बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. टेम्पोतही "आत सरका, मधे जागा आहे" चालूच, आणि प्रत्येक घरातून निघताना डोकी मोजणार. गाणं कुठलंही असो, ते खर्जातला एकच सूर धरून बसतात. मला त्यांच्या शेजारी उभं केलं होतं. मला तोही लागत नाही.

पहिल्याच सोसायटीत वॉचमननं रजिस्टर पुढे केलं. 'भेटीचे कारण' हा रकाना एवढासा, म्हणून काकांनी नुसतं 'जन्म' लिहिलं. वॉचमन खूश. "अरे वा! मुलगा की मुलगी?"

"मुलगा," काका म्हणाले, आणि लिफ्टकडे चालू लागले.

वर तीन गाणी, पाळकसाहेबांची प्रार्थना, आणि मग ताटल्या. चकली, शंकरपाळ्या, केकचा तुकडा आणि मधोमध करंजी. चकली नको म्हटलेली चालते. करंजी नको म्हटलं तर ती बातमी पुढच्या रविवारी उपदेशाच्या आधी चर्चमध्ये पोहोचते. पहिल्या घरची सुक्या खोबऱ्याची, कानाशी हलवली तर सारण खुळखुळ वाजेल अशी. तिसऱ्या घरची सून कोकणातली, तिथं ओला नारळ. तिथंच माझ्या लक्षात आलं, एक खाल्ली तरी माझ्या ताटलीत एक उरतेच.

काकांना साखर आहे. 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाआडून ते आपली करंजी माझ्याकडे सरकवत होते. मी पाहिलं, तर ते खिडकीतल्या कागदी ताऱ्याकडे मोठ्या भक्तिभावानं बघत होते.

"काका!"

"तरणा आहेस. खा."

दहानंतर आवाजाचे नियम आड येतात, म्हणून ढोलकीला टॉवेल गुंडाळला. ती ताप आलेल्या माणसासारखी कण्हू लागली. मीही. आठवं घर परळच्या चाळीत, चौथा मजला, लिफ्ट नाही. तिथं गाण्यात वरचा सूर आला तेव्हा त्याच्यासोबत आणखी काही वर येतं की काय, या भीतीनं मी नुसते ओठ हलवले. नंतर गाण्याचे मास्तर म्हणाले, आज तुझा सूर चांगला लागला.

अकरावं घर काकांचंच. काकूंनी त्यांच्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला आणि मला बाजूला घेतलं.

"खरं सांग, यांनी बाहेर किती खाल्ल्या?"

शपथ वाहू नका असं शास्त्र सांगतं. तरी मी वाहिली. "एकही नाही, काकू."

काकूंचा चेहरा उजळला. मग त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"आणि तुझं तोंड का असं उतरलंय? पोराला नुसतं गायलाच लावलं वाटतं सगळ्यांनी. थांब."

त्या आत गेल्या. काका डोकी मोजत होते. माझ्याशी आल्यावर त्यांनी नजर चुकवली. काकू ताटली घेऊन आल्या.

तिच्यात दोन होत्या.