हिरो, चोर आणि माझा उजवा आरसा

सुपरहिरोंच्या सिनेमात मी हिरोकडे बघतच नाही. मी पार्किंगकडे बघतो. २०१३च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅन आणि जनरल झॉड मेट्रोपोलिसमध्ये एकमेकांना इमारतींतून आरपार फेकत असतात, थिएटरातली पोरं शिट्ट्या मारत असतात, आणि माझ्या डोक्यात एकच विचार: ज्याने तासभर गोल गोल फिरून खालच्या गल्लीत जागा मिळवली असेल, त्याच्या गाडीचं काय? दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लक्ष्मी रोडला पार्किंग शोधलेल्या माणसालाच हे दुःख कळेल. क्रिप्टन ग्रहावरून आलेल्या सुपरमॅनला नाही कळायचं. त्याला उडता येतं.

बरं, मध्ये एकदा हे दोघे लढत लढत पार अवकाशात जाऊन येतात. तिथे ना माणूस, ना दुकान, ना एक स्कूटर. मनसोक्त मारा की एकमेकांना! पण नाही. तिथून खाली येतात ते परत भर वस्तीत.

माझ्या भाच्याच्या मते हे मामाचं रडगाणं आहे. त्याचा मुद्दा असा, की झॉडला आवरलं नसतं तर पृथ्वीच गेली असती, मग तुझी गाडी कुठल्या स्टँडवर उभी राहिली असती? मुद्दा बिनतोड आहे, म्हणूनच जास्त चीड येते. अख्खी पृथ्वी वाचवून आलेल्या माणसासमोर हेडलाइटचं बिल घेऊन उभं राहायचं म्हणजे आपणच क्षुद्र दिसतो. हे मी ऐकीव सांगत नाही. पण आधी नानांचं ऐका.

नाना आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. भाच्याने त्यांना तो मारामारीचा तुकडा मोबाईलवर दाखवला. नानांनी चष्मा कपाळावर चढवून तो पाहिला, मागे घेऊन पुन्हा पाहिला आणि निकाल दिला, "त्या लाल उपरणंवाल्याचा यात काही दोष नाही. बांधकाम निकृष्ट आहे."

दाखला म्हणून त्यांनी पुण्यातला चांदणी चौक काढला. २ ऑक्टोबर २०२२च्या रात्री एकच्या सुमारास तिथला जुना पूल पाडायचा होता. सहाशे किलो स्फोटकं ठासली होती. महामार्ग बंद, पोलिसांचा बंदोबस्त, वाहिन्यांचे कॅमेरे, अर्धं कोथरूड जागं. धडाम झालं, धूळ उडाली, आणि धूळ खाली बसल्यावर बघतात तर पूल बराचसा आहे तिथेच! सळ्या सोडायला तयार नाहीत. राहिलेला सांगाडा शेवटी यंत्रं लावून ओरबाडून काढला. "सहाशे किलो!" नाना हा आकडा घरच्या कर्तबगार सुनेचा पगार सांगावा तसा सांगतात. "आणि तिकडे एक माणूस पाठीवर आपटला की टॉवर खाली. आधी त्या ठेकेदाराला काळ्या यादीत टाका, मग हिरोला बोला."

आता माझं प्रकरण. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहतो. तो व्यायाम करतो. याहून जास्त माहिती देता येत नाही, कारण दुसरं काही करताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. एका संध्याकाळी एका भुरट्या चोराने पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या हातातला मोबाईल हिसकावला आणि तो गेटकडे पळाला. मुलगा जिन्यात होता. जिन्यापासून गेटपर्यंत सरळ, मोकळी, फरशी घातलेली वाट आहे. पण सरळ वाटेने धावणं वीरांच्या नियमात बसत नसावं. त्याने कठड्यावरून पार्किंगमध्ये झेप घेतली, एका बुलेटच्या सीटवर पाय रोवला आणि तिथून चोरावर उडी टाकली. चोर सापडला. बुलेट कलली. तिने शेजारच्या मोटरसायकलला खांदा दिला, मोटरसायकलने मोपेडला, आणि अशी ती सबंध रांग, एकेकीला पुरेसा वेळ देत, भिंतीपर्यंत आडवी झाली. भिंतीला लागून सर्वांत शेवटी कोणाची स्कूटर होती, हे सांगायला नकोच.

उजवा आरसा, हेडलाइटची काच, ब्रेकचा लिव्हर. मी गाडी उभी करायची खटपट करत होतो. दहा पावलांवर वीराबरोबर सेल्फी चालले होते. चोराला पोलिस येईपर्यंत पायरीवर बसवलं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, पेट्रोल गळतंय तुमचं." त्या संध्याकाळी माझ्या गाडीची विचारपूस करणारा तो एकमेव इसम.

रविवारी गच्चीवर सत्कार झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, सेक्रेटरींचं 'आजच्या तरुणाईपुढे' या धर्तीचं भाषण झालं. मग 'आयत्या वेळचे विषय' आले आणि मी आरशाचा विषय काढला. गच्चीवर अशी शांतता पसरली, की मीच मोबाईल चोरला होता असं मला वाटू लागलं.

"त्या चोराकडून घ्या ना!" काकू म्हणाल्या.

तत्त्व म्हणून हे अगदी रास्त आहे. भांडण ज्याने उकरलं, भरपाई त्याने द्यावी. पण वसूल कुठून करणार? सिनेमात खलनायक शेवटी मेलेला असतो, नाहीतर दुसऱ्या विश्वात फेकला गेलेला असतो. आमच्या चोराच्या खिशात गुटख्याची पुडी आणि आणखी कुणाचा तरी मोबाईल निघाला.

चौथ्या मजल्यावरचे वकीलकाका इतका वेळ भेळ खात होते. ते म्हणाले, "भारतीय न्याय संहिता, कलम १९. जुन्या दंडविधानात ८१ होतं." गुन्ह्याचा हेतू नसताना, मोठं नुकसान टाळण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीत लहान नुकसान झालं, तर तो गुन्हा होत नाही. कायद्यात उदाहरणंसुद्धा दिली आहेत. एका बोटीच्या कप्तानासमोर अचानक वीस-तीस उतारूंची होडी येते. तो बोट वळवतो, तर तिकडे दोन माणसांच्या होडीला धोका. दुसरं उदाहरण आगीचं: मोठी आग पसरू नये म्हणून एकजण मधली घरं पाडतो. म्हणजे १८६० साली, सुपरमॅनचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी, इंग्रज सरकारने त्याची जामिनाची सोय करून ठेवली होती.

"पण काका," मी म्हटलं, "त्या कप्तानाला दुसरा रस्ता नव्हता. इथे फरशी घातलेली वाट होती."

वकीलकाकांनी चमचा खाली ठेवला. "हा मुद्दा आहे. आणि गुन्हा नाही म्हणजे भरपाई नाही, असंही नाही. दिवाणी दावा लावता येईल." मग थोडं थांबून, "स्कूटर किती साली घेतलीत?" असं विचारून ते पुन्हा भेळेकडे वळले. पुण्यात दिवाणी दावा लावायला सांगणाऱ्या माणसाला आपल्या स्कूटरचं उरलेलं आयुष्य काढायचं असतं, हे माझ्या लक्षात आलं.

भाचा मागून कुजबुजला, "मामा, आयर्न मॅन बरा होता ना तुझ्यासाठी?" बरा होता खरा. 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये जोहान्सबर्गमध्ये पिसाळलेल्या हल्क या अजस्र हिरव्या गड्याशी झुंजताना तो बांधकाम चालू असलेली एक इमारत हेरतो, आणि हल्कला तिच्यात घालण्याआधी ती लगेच विकत घेता येईल का, याची चौकशी करतो. पाडायच्या आधी भाव विचारणारा हा एवढाच वीर मला सापडला. पण त्यासाठी अब्जाधीश असावं लागतं. आमच्या वीराचा प्रोटीनचा डबासुद्धा त्याच्या बाबांच्या कार्डावर येतो.

सेक्रेटरींना मात्र नियम करायची हौस. २०१६च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये ११७ देश मिळून ॲव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टोळीवर समितीचा लगाम घालायचा करार करतात. आयर्न मॅन सही करायला तयार, कॅप्टन अमेरिका नाही, आणि त्यावरून दोघांची हाणामारी. सेक्रेटरींनी तो सिनेमा पाहिला नव्हता, तरी हुबेहूब तसाच ठराव मांडला: 'सभासदांनी कार्यकारिणीच्या पूर्वपरवानगीशिवाय चोर पकडू नये.' मग अर्ज कुणाकडे, किती प्रतींत, चोराला तोवर कुठे बसवायचं, यावर चर्चा रंगली. मला आरशासाठी माणूस हवा होता, समिती नको होती. समितीने परवानगी दिली म्हणून फुटलेली काच सांधत नाही. फक्त तक्रार कुणाकडे करायची ते कळेनासं होतं.

हे सगळं माझी आई खुर्चीत बसून ऐकत होती. चातुर्मासात ती रामायण लावून वाचते. तिने मुलाला हाक मारली.

"काय रे, तुमच्या जिममध्ये मारुतीचा फोटो आहे का?"

"आहे ना आजी. मोठा आहे."

"मग त्याने लंका जाळल्यावर काय केलं, ठाऊक आहे?"

मुलगा म्हणाला, उडाला. बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं. आई म्हणाली, उडाला नाही. जाळतानाच त्याने बिभीषणाचं घर सोडलं होतं. आणि शेपूट समुद्रात विझवल्यावर त्याला एकदम धसका बसला, की या आगीत सीताही जळाली असली तर? वाल्मीकींनी सुंदरकांडात त्यावर अख्खा सर्ग घातला आहे. स्वतःच्या रागाला किती दूषणं देतो तो! जिच्यासाठी एवढं केलं तिलाच मी घालवलं, आता कोणत्या तोंडाने परत जाऊ म्हणतो. मग चारण, म्हणजे देवांचे स्तुतिपाठक, आपसात बोलताना त्याच्या कानावर येतं, की लंका जळाली पण सीता सुखरूप आहे. तरी तो तेवढ्यावर निघत नाही. पुन्हा अशोकवनात जातो, तिला डोळ्यांनी बघतो, आणि मगच उडी मारतो.

"तू वळून बघितलंस का रे?" आईने विचारलं.

मुलगा माझ्याकडे बघू लागला. खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी असतो तसा. मला त्याची दया आली, पण आरशाचं मी मनातून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बेल वाजवली. हातात आरसा होता. "काका, पत्र्या मारुतीजवळच्या दुकानातून आणला." आरसा डावा होता. मी काही बोललो नाही. तो बदलायला माझ्याच स्कूटरवरून, हात दाखवत गेला. हेडलाइटचे पैसे त्याच्या बाबांनी निमूटपणे पाठवले. लिव्हरचा प्रश्न राहिला, तो नानांनी जुन्या सामानातून सोडवला आणि वर 'आताचे लिव्हर पत्र्याचे असतात' हेही ऐकवलं.

आरशाचे पैसे मुलाने स्वतः भरले होते, ते त्याला परत द्यावेत, असं खजिनदारांनी सुचवलं आणि सगळ्यांना ते पटलं. मात्र हिशेबात हा खर्च दाखवायचा कुठे, यावर पुन्हा अर्धा तास गेला. यंदाच्या ताळेबंदात ती नोंद वाचायला मिळते: 'सत्कार खर्च – शाल, श्रीफळ व आरसा (उजवा).'