‘सहा महिन्यांनंतर व्यायामाचा उपयोग नाही’ हे खरं नाही

लकवा आणि कंपवातावरचा एक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे दोन्ही आजार नसांचे, तेव्हा उपाय एकच: तेलाने मालीश करा, हातात रबरी चेंडू द्या, आणि सहा महिन्यांत फरक पडला नाही तर पेशंटला आराम करू द्या. हे वाचून घरचे लोक व्यायाम थांबवतात, म्हणून लिहितोय.

उपाय एकच कसा असेल? लकव्यात मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटतो आणि बहुधा एका बाजूची ताकद जाते. कंपवातात डोपामिन हे हालचाल सांभाळणारं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी वर्षानुवर्षं कमी होत जातात. ताकद असते, पण हालचाल मंदावते, पावलं आखूड होतात, अंग ताठरतं. कित्येकांचा हात तर थरथरतही नाही. दारात आल्यावर पाय जमिनीला खिळतात. अशा वेळी घरचे ‘चला, चला’ करत हात ओढतात आणि माणूस तोंडावर पडतो. ओढू नका. थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या. उंबऱ्याजवळ फरशीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवा आणि त्या ओलांडायला सांगा. पाऊल बरेचदा सुटतं. चालण्याचा सराव लेव्होडोपा या कंपवाताच्या औषधाचा असर असतानाच घ्या.

चेंडूचं म्हणाल, तर लकव्यानंतर बोटं बहुधा आपसूकच मिटतात. अवघड असतं ते उघडणं. पेला धरून सोडण्याचा सराव त्यापेक्षा कामाचा. आणि लुळ्या हाताला धरून पेशंटला उठवू नका, खांदा निखळतो.

सहा महिन्यांची गोष्ट अर्धीच खरी. सुरुवातीला सुधारणा वेगाने होते, पण पुढे दार बंद होत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत लकव्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते. मनगट-बोटं थोडी हलत असलेल्या या रुग्णांपैकी एका गटाचा चांगला हात दोन आठवडे मिटनमध्ये, म्हणजे बोटं एकत्र झाकणाऱ्या हातमोज्यात, ठेवून दुबळ्या हाताकडून कामं करून घेतली. त्यांना झालेला फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. कंपवात तर वाढत जाणारा आजार, तिथे व्यायाम सोडून कसं चालेल? २०१२च्या एका चाचणीत ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांचं तोल जाऊन पडणंही कमी झालं.

मालिशीने बरं वाटतं, जरूर करा. पण चेहरा अचानक वाकडा झाला, हात गळाला, बोबडी वळली, तर तेलाची बाटली शोधू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅननंतर. तडक हॉस्पिटल गाठा.