शेषराव जेवले का?

घरात जो जेवत नाही त्याच्याभोवती सगळं घर फिरतं, हा आपल्याकडचा जुना नियम. आमच्या घरी तो आधी यांच्यासाठी पाळला गेला, मग चिरंजीवांसाठी. आता हे दिलं ते निमूट खातात आणि चिरंजीव कॉलेजला गेले, म्हणजे सुटले असं मला वाटत होतं. पण जाताना पोरानं त्याचा अजगर आमच्या गळ्यात घातला. (शब्दशः नव्हे. शब्दशः घालून घ्यायची माझी अजून तयारी नाही.) कॉलेजच्या वसतिगृहात पाळीव प्राणी म्हणून फक्त मासा चालतो म्हणे. हा नियम मिशिगनमधल्या त्या कॉलेजनं प्रवेश देण्याआधी ठळक अक्षरांत छापायला हवा होता.

अजगर म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर अख्खी शेळी गिळणारं धूड येतं. आमचा तो नव्हे. बॉल पायथन ही अजगरांतली लहानखुरी जात. मूळ पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. घाना, टोगो, बेनिन या देशांतून ती जगभर गेली. लांबी तीन ते पाच फूट, विष नाही आणि स्वभाव अतिशय भित्रा. घाबरला की डोकं मध्ये घेऊन स्वतःभोवती घट्ट वेटोळं घालतो आणि चेंडू होऊन बसतो. शत्रू कंटाळून निघून जाईपर्यंत बसून राहायचं, एवढंच त्याचं युद्धशास्त्र. आयुष्य मात्र वीस-तीस वर्षांचं, कधी त्याहून जास्त. आमच्या घराचं कर्जसुद्धा तीस वर्षांचंच आहे. ते फेडायला दोघं आहेत, याला सांभाळायला मी एकटी.

कारण हे सापाला घाबरतात. साप काचेच्या टँकमध्ये, टँकला कुलूप, खोलीचं दार बंद, तरी हे जिन्यातून जाताना पाय वाजवत जातात. सापाला बाहेरचे कान नसतात, जमिनीची थरथर मात्र त्याला चांगली कळते, असं मुलानं त्यांना सांगितलं होतं. त्यामुळे रोज रात्री आमच्या घरात पलटण वरच्या मजल्यावर जाते.

सांभाळणं म्हणजे प्रामुख्यानं हवामान सांभाळणं. टँकच्या एका टोकाला नव्वद अंश फॅरनहाइट, दुसऱ्या टोकाला अठ्ठ्याहत्तर. दोन्ही टोकांना लपायला एकेक गुहा, कारण एकच ठेवली तर तो ऊब आणि सुरक्षितता यांत सुरक्षितता निवडतो आणि गारठत बसतो. हवेत साठ टक्के दमटपणा, कात टाकायच्या सुमारास आणखी थोडा. खाली हीटर, त्याला थर्मोस्टॅट, वर दमटपणा मोजायचं यंत्र. बाहेर गुडघाभर बर्फ. वीजबिल पाहून यांनी घराचा थर्मोस्टॅट अडुसष्टवर बांधून ठेवलेला. आम्ही दोघं स्वेटर घालून जेवत होतो आणि शेजारच्या खोलीत तो उन्हाळा भोगत होता.

अशात दिवाळीला सासूबाई आल्या. मिशिगनला हिवाळ्यात कोणी येत नाही, म्हणूनच तिकीट स्वस्त मिळालं होतं. साप असल्याचं यांनी आईला कळवलं नव्हतं, मी कळवावं म्हणून. मीही कळवलं नव्हतं, यांनी कळवावं म्हणून. पण सासूबाई गुहागरच्या. फुरसं, मण्यार, धामण, दिवड यांच्या सहवासात वाढलेल्या. त्यांनी चष्मा लावला, टँकशी वाकल्या आणि विचारलं, "लांबडं बिनविषारी ना?"

"हो."

"मग हा जिन्यात का नाचतो?"

यांनी त्यावर काही उत्तर दिलं नाही.

साप त्यांना खटकला नाही, नाव खटकलं. मुलानं त्याचं नाव ठेवलं होतं नूडल. "खायच्या वस्तूचं नाव जिवंत जिवाला? उद्या मला शेवई म्हणाल," असं म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी त्याचं शेषराव केलं. मी सहज सांगितलं की बेनिनमधल्या वीदा गावात याच जातीच्या अजगरांचं देऊळ आहे, रात्री ते गावात फिरायला सुटतात आणि कुणाच्या घरात शिरले तर लोक अदबीनं परत आणून सोडतात. तेव्हापासून शेषरावांचा उल्लेख अहोजाहोत होऊ लागला.

दोन दिवसांत त्यांना आणखी एक शोध लागला. नव्वद अंश, दमट हवा आणि टँकमध्ये अंथरलेला नारळाच्या सोडणाचा भुसा. "अगं, ही तर सोडणं! आम्ही न्हाणीच्या चुलीत घालतो आणि तुम्ही विकत आणता?" किंमत ऐकून त्यांनी गुहागरला फोन लावला आणि घरची सोडणं यापुढे जाळू नयेत अशी ताकीद दिली. त्या घरात कोकणची हवा असलेली एकच खोली होती आणि ती शेषरावांची होती. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची खुर्ची, जपमाळ आणि शाल त्या खोलीत गेली. शाल तासाभरात बाहेर आली.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग शेषरावांनी अन्न सोडलं.

बॉल पायथन यासाठी कुप्रसिद्ध आहे. धडधाकट मोठा साप, विशेषतः हिवाळ्यात, काही महिने सहज उपाशी राहतो आणि त्याला काही होत नाही. हे मी वाचलं होतं. पण चार घास कमी खाल्ले तर "भाजी आवडली नाही का?" असं विचारणाऱ्या घरात हे वाचून काय उपयोग?

त्यांचं जेवण म्हणजे उंदीर. मेलेला, गोठवलेला, पिशवीत एकेक. मापाप्रमाणे पिंकी, फझी, पप, वीनर अशी बारशाला शोभतील अशी नावं. सापाच्या अंगाचा जाड भाग जेवढा, साधारण तेवढ्या जाडीचा उंदीर. आधी हे सगळं स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये मटारांमागे असायचं. एकदा सासूबाईंनी खवलेल्या नारळाची पिशवी म्हणून वीनरची पिशवी काढली. त्या ओरडल्या नाहीत. पिशवी कट्ट्यावर ठेवली, आंघोळ केली आणि मग मला हाक मारली. त्या आठवड्यात गॅरेजमध्ये छोटा फ्रीझर आला.

ताट वाढायची रीत अशी. उंदीर पिशवीसकट बेसमेंटमधल्या लाँड्रीच्या सिंकमध्ये आधी गार पाण्यात, मग कोमट, मग गरम पाण्यात. मायक्रोवेव्हमध्ये का नाही, हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी ते आपल्या मायक्रोवेव्हमध्ये जाणून घ्यावं. शेषरावांच्या वरच्या ओठावर बारीक खाचांची रांग आहे, तिच्यातून त्यांना समोरच्या जिवाची ऊब कळते. म्हणजे उंदीर नुसता वितळून चालत नाही, तो जिवंत असल्याइतका उबदार लागतो, निदान डोक्याकडून. त्यासाठी हेअर ड्रायर. माझा. लग्नसमारंभाला जाताना तो मी आता वापरत नाही.

मग खोलीत अंधार करायचा. लांब चिमट्यात उंदराची मान धरायची आणि तो गुहेच्या तोंडाशी हलवायचा. हलवायचा म्हणजे त्याला जगण्याची उमेद आहे असं वाटलं पाहिजे. थोडं पुढे, थांबा, जरा दचकवा, परत मागे. बाहेरून सासूबाई कुजबुजत, "जेवले का?" गुहेतून आधी जीभ येते. आत जाते. परत येते. मग ते बोटभर डोकं हळूच पुढे सरकतं, मानेचा नागमोडी आकडा होतो. हा हल्ल्याचा पवित्रा, आता झेप! मी श्वास धरते. शेषराव उंदराकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात (पापण्या नसल्यामुळे ते कुणाकडे पाहतात हे ठरवणं अवघड, पण मला वाटतं माझ्याकडेच) आणि रिव्हर्स गिअर टाकून आत जातात. मग तो गरम, भिजट, केस फुलवलेला उंदीर हातात धरून मी अंधारात उभी. परत गोठवता येत नाही, टाकून द्यावा लागतो.

"रोज रोज एकच पदार्थ कोण खाईल?" सासूबाईंचं निदान. गंमत म्हणजे जाणकारही हेच सांगतात, की रॅट खात नसेल तर माऊस देऊन पाहा. लहान उंदीर आणला. शेषरावांनी त्यालाही मान दिला नाही. मग दृष्ट काढणं झालं. मिरच्या जाळल्या तर धुराचा अलार्म वाजून अग्निशमन दल येईल, म्हणून नुसत्या मीठ-मोहऱ्यांवर भागवलं. "अंगाऱ्याचं बोट तरी लावते" यावर मात्र मी ठाम नकार दिला. भारतातून जाऊबाईंनी व्हॉट्सअॅपवर दूध पाजायला सांगितलं. साप दूध पचवू शकत नाही हे मी नागपंचमीपासून सांगते आहे, पण त्या मला जाऊ समजतात, तज्ज्ञ नव्हे.

मधेच डोळे निळसर दुधी झाले. सासूबाईंचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीचं, त्यांनी लगेच ओळखलं: "मोतीबिंदू. दिसत नाही म्हणून जेवत नाहीत बिचारे." तो मोतीबिंदू नव्हता. सापाच्या डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, कात टाकायच्या आधी तो असा ढगाळतो आणि नंतर आपोआप निवळतो. आठवड्याभरात शेषरावांनी मोजा उलटा काढावा तशी आख्खी कात एका तुकड्यात काढून ठेवली. ती मी दिव्यासमोर धरून तपासली. डोळ्यांच्या दोन्ही गोल चकत्या तिच्यातच आल्या होत्या, म्हणजे काही अडकलं नाही. सासूबाईंना वाटलं, आता भूक लागेल. छे.

शेवटी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे. उशीच्या अभ्र्यात शेषराव, अभ्रा थर्माकोलच्या खोक्यात, खोक्यात गरम पाण्याची पिशवी आणि गाडीचा हीटर पूर्ण. हे घामाघूम होऊन गाडी चालवत होते, घाम हीटरचा की भीतीचा ते विचारलं नाही. वजन किती उतरलंय ते पाहायला डॉक्टरनं आधीची नोंद मागितली. ती माझ्याकडे होती, स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यात बसवून ग्रॅममध्ये घेतलेली. त्या काट्यावर आता मी रवा मोजत नाही. फरक किरकोळ निघाला. "फारच उत्तम प्रकृती आहे," डॉक्टर म्हणाली, "हिवाळ्यात असं करतात. वजन घसरत नाही तोवर काळजी नको." आणि सळई घालून तपासताना तिनं सहज सांगितलं, "ही मादी आहे."

दुकानदारानं नर म्हणून दिला होता.

घरी येईपर्यंत सासूबाई गप्प होत्या. नाव बदलायचं का, मी विचारलं. "नाव ठेवलं ते ठेवलं," त्या म्हणाल्या आणि त्या रात्रीपासून घरात "शेषराव जेवली का?" सुरू झालं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीची गोष्ट सांगितली. ती 1961 पासून तिथे. 2020 साली, वयाची साठी उलटल्यावर, तिनं सात अंडी घातली आणि त्याआधी निदान पंधरा वर्षं तिच्या आसपास नर नव्हता.

"नवऱ्याशिवाय?"

"हो."

तेवढ्यात खालून यांनी विचारलं की माझा टॉवेल कुठे आहे. सासूबाईंनी एकदा जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग जमतं म्हणायचं."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका कमी आल्या. ज्या आल्या त्या मात्र शेषरावच्या खोलीतून हलेनात, कारण उबदार तेवढीच होती. तिळगूळ तिथेच वाटला गेला. एकीनं "दात काढलेत ना?" विचारलं, सासूबाईंनी तिला आफ्रिकेतल्या देवळापासून सगळं ऐकवलं.

मग महाशिवरात्र आली. सासूबाईंचा कडक उपास, दिवसभर राजगिऱ्याचा एक लाडू आणि पाणी. त्या दिवशी मी उंदीर काढू नये असं त्यांचं म्हणणं होतं. शंकराच्या गळ्यातलं जनावर ते, आजच्या दिवशी तरी त्याच्यासमोर मांस नको. पण तो आदल्या रात्रीच वितळायला काढलेला, आणि टाकवत नव्हता. रात्री साडेनऊला, फारशी आशा न ठेवता, चिमटा टँकमध्ये घातला. हलवलासुद्धा नाही. काहीतरी सपकन आलं, चिमटा हातातून हिसकला गेला आणि पुढच्या क्षणी शेषराव उंदराला तीन वेढे घालून बसली होती. मग सावकाश डोकं शोधलं, आणि जबड्याची डावी बाजू पुढे, उजवी बाजू पुढे, असं करत तो आख्खा उंदीर आत चालत गेला. शेवटी शेपटीचं टोक तेवढं ओठांबाहेर राहिलं, तेही गेलं. मग तिनं एक मोठी जांभई दिली.

मी मागे वळले. दारात सासूबाई. आता काय बोलणी बसतात म्हणून मी उभी राहिले. आजच्याच दिवशी, महिनोन् महिने उपाशी राहून, नेमकं आजच!

सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं.

"गुहागरला आता सकाळचे आठ," त्या म्हणाल्या. "उजाडलं की. पारणं केलं तिनं."

आणि स्वयंपाकघराकडे वळत म्हणाल्या, "मग मी तरी कशाला उपाशी बसलेय? वरण-भात लाव."