लग्न तुमचं असलं म्हणून काय झालं?

हल्लीच्या उपवर मुलामुलींना एक वाईट खोड लागली आहे. लग्न आपलं आहे, एवढ्या सबबीवर ती लग्नात लुडबूड करतात. तुमचंही वय झालं असेल (म्हणजे शेजारच्या काकूंना तसं वाटू लागलं असेल), तर हे खूळ आधी डोक्यातून काढा.

बायोडेटा बाबांना लिहू द्या. त्यात तुमच्याबद्दल उंची, वर्ण, पगार आणि रास एवढं पुरतं. खरा मजकूर त्याखाली असतो: मामांचं गाव, आत्याचे यजमान कुठल्या पदावरून निवृत्त झाले, शेती किती एकर. मुलीकडच्यांना शेती हवीच असते, फक्त शेतकरी नको असतो. मग ती कसायची कुणी, असलं काही बैठकीत विचारू नका.

पत्रिकेची चेष्टा तर अजिबात नको. 36 पैकी 18 गुण जुळले की पास, आणि त्यातले 8 एकट्या नाडीचे. पण पत्रिकेचा खरा उपयोग नकार देताना कळतो. ‘मुलगी सावळी आहे’ असं फोनवर सांगता येत नाही. ‘पत्रिका जमत नाही’ म्हटलं की दोष परस्पर ग्रहांवर जातो. उलट स्थळाचा मुंबईत स्वतःचा फ्लॅट असेल, तर एकनाड असूनही गुरुजी मार्ग काढतात. त्यांना नाही सापडला, तर दुसरे गुरुजी असतात. तुमच्या जन्माच्या वेळी दवाखान्यातलं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं, हे आजीला नेमकं तेव्हाच आठवतं.

पोह्यांच्या कार्यक्रमात वाटणीपासून अबोला असलेल्या काकांना मध्यभागी बसवा. भांडण बांधाचं आहे, खानदान एकच आहे! ‘दोघं गच्चीवर बोलून या’ असं सांगतील तेव्हा जा, छंद विचारा, ‘वाचन आणि प्रवास’ ऐकून परत या. सोबत आत्याचा धाकटा पाठवलेला असतोच. देण्याघेण्याचं मोठ्यांवर सोडा. हुंडा 1961 पासून बंद आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते फक्त ‘तुमच्या मुलीला हौसेनं काय द्यायचं ते द्या’ एवढंच म्हणतात.

1955 च्या हिंदू विवाह कायद्यात वधूवरांचं वय आहे, काकांच्या पसंतीचा उल्लेखही नाही. मसुदा लिहिणाऱ्यांना काका नसावेत. त्या मानाने 1954 चा विशेष विवाह कायदा समंजस. त्यात 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात. तेवढ्यात मामांपर्यंत बातमी पोहोचते.

तुमचं मत कुणी विचारणारच नाही, असं मात्र समजू नका. सुपारी फुटली, याद्या झाल्या, मानपानाच्या साड्या मोजून झाल्या, की आई पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसेल आणि हळूच विचारेल, ‘मग, कसं वाटलं स्थळ? नीट विचार करून सांग हं. घाई काही नाही, हॉलवाले संध्याकाळपर्यंत थांबणार आहेत.’