कोचीला जाऊन इंदूर कसे पाहावे

इंदूरच्या माणसाने आयुष्यात एकदा तरी समुद्र पाहून यावा. आपल्याकडे नर्मदासुद्धा जलूदहून पंपाने चढवून आणावी लागते, तेव्हा स्वतःच्या मर्जीने येणारं-जाणारं पाणी कसं असतं याची उत्सुकता असणारच. मुंबई मात्र नको. तिथे डोंबिवलीची आत्या आहे आणि ती परतीच्या तारखेपर्यंत घराबाहेर पडू देत नाही. गोव्याला जातो म्हटलं की घरातली मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. उरलं कोची. शिवाय अहिल्यानगरी एक्सप्रेस आठवड्यातून एकदा इंदूरहून थेट केरळला जाते, आणि गाडीला अहिल्यादेवींचं नाव असल्यामुळे आजीची परवानगी बसल्या जागी मिळते.

सामानात दोन गोष्टी विसरू नका: रतलामी शेव आणि जीरावन, म्हणजे आपण पोह्यांवर भुरभुरतो तो मसाला. केरळवाल्यांनी शेकडो वर्षं साऱ्या जगाला मिरी विकली, पण जीरावन काही त्यांना जमलं नाही. अप्पम समोर आलं की आधी डबी उघडा, मनसोक्त भुरभुरा आणि मग खात खात म्हणा, "ह्यांच्याकडे चवच नाही." हॉटेलात तुमच्यासमोर कोमट, लालसर पाण्याचा पेला येईल. पतिमुखम नावाच्या झाडाचं लाकूड घालून ते उकळलेलं असतं आणि इकडे घरोघरी पितात. तुम्ही पेला उजेडाकडे धरून नीट पाहा, "पाइपलाइन गंजली आहे" असं निदान करा आणि बाटली मागवा.

एर्नाकुलमला उतरलात की फोर्ट कोचीला पाण्यावरून जायची सोय आहे. सरकारी फेरी काही रुपयांत पलीकडे सोडते. वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्या बोटी बॅटरीवर चालतात, आणि धक्काच तरंगता असल्यामुळे भरती असो वा ओहोटी, पाय सरळ बोटीत पडतो. या सगळ्यापासून दूर राहा. वहिनींना बोटीत मळमळतं. एसी टॅक्सी करा, पुलांवरून वळसा घ्या आणि काचा वर करून झोपा. विलिंग्डन बेट आलं की ड्रायव्हर सांगू लागेल, साहेब, ही जमीन मुळात नव्हतीच. बंदराच्या तोंडावर वाळूचा दांडा आडवा पडलेला असायचा, मोठी जहाजं बाहेरच समुद्रात नांगर टाकायची. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरने तो दांडा फोडला, खाडीतला गाळ उपसला, त्याच गाळाचं हे बेट उभं केलं आणि १९२८ साली मोठं जहाज थेट आतल्या बंदरात आलं. ऐकून घ्या, पण मान डोलवू नका. आपल्याकडे रस्ता खोदल्यावर निघालेली माती वर्षभर रस्त्यातच असते, तिचं बेट अजून कुणी केलेलं नाही, हे त्याला कळता कामा नये.

फोर्ट कोचीला मुख्य आकर्षण म्हणजे चिनी जाळी. ती इथे चीनहून आली की पोर्तुगीजांबरोबर मकाऊहून, यावर जाणकारांत वाद आहे. तुम्ही "चायनाचा माल, किती टिकणार" एवढं म्हणून वाद मिटवा. जाळी आली त्याला काही शतकं झाली, पण वाक्य चांगलं आहे. मग पाण्याकडे पाठ करून दोन्ही हात वर धरा, म्हणजे फोटोत सगळं जाळं तुम्हीच उचलल्यासारखं दिसेल. इथे सावध राहायचं ते एवढ्यासाठी की ती वस्तू जवळून पाहिली तर माणूस गुंततो. सागवानी वाशांचा सांगाडा, टोकाला आडवं पसरलेलं जाळं, आणि किनाऱ्याच्या बाजूला वेगवेगळ्या लांबीच्या दोरांना टांगलेले धोंडे. एक माणूस मधल्या वाशावरून पाण्याच्या दिशेने चालत जातो. त्याच्या एकट्याच्या वजनाने सगळा डोलारा वाकतो आणि जाळं बुडतं. काही मिनिटांनी पाच-सहा जण दोर ओढतात. जाळं वर येतं तसे धोंडे एकामागून एक खाली टेकत जातात, त्यामुळे तोल कुठेच जात नाही. हे सगळं समजून घेण्यात अर्धा तास सहज जातो आणि तेवढ्यात ऊन बदलून फोटो बिघडतो. जाळ्यावरचा कोणी "या, ओढा" म्हणाला तर दोनदा ओढा, रील काढा आणि बक्षिसी मागितल्यावर दचका. वर आलेली मूठभर मासळी बघून हिशेब सांगायला विसरू नका: "एवढ्यात तर भिया, पेट्रोलसुद्धा नाही निघत." जाळ्याला पेट्रोल लागत नाही, हा मुद्दा गौण आहे.

याच वेळी तुमच्या पाठीमागून एखादं कंटेनर जहाज जाईल. बंदराचं तोंड इथे इतकं अरुंद आहे की इंदूरचा होळकरांचा सात मजली राजवाडा चालत निघाल्यासारखं ते अगदी जवळून सरकतं. वल्लारपाडमचं टर्मिनल २०११ पासून चालू आहे, तिकडे निघालेलं असतं बिचारं. वळू नका. चेहऱ्यावर उजेड चांगला आलेला असतो. विक्रांत ही विमानवाहू नौका याच गावात बांधली गेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली, हेही कोणी सांगेल. दीडशे रुपयांच्या नारळपाण्यावर घासाघीस चाललेली असताना असल्या गोष्टींनी लक्ष विचलित होऊ देऊ नये.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. १५२४ च्या डिसेंबरात तो कोचीत वारला, इथे पुरला गेला आणि पुढे चौदा वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. म्हणजे कबर रिकामी आहे. हे काकूंना सांगू नका. त्या तोवर हात जोडून उभ्या असतात, आणि सांगितलंच तर म्हणतात, "असू दे रे, नमस्कार कुठे वाया जातो?" छताला लांबच लांब कापडी पंखे टांगलेले दिसतील, त्यांचे दोर भिंतीबाहेर जात आणि बाहेर बसलेला माणूस ते ओढी. काका विचारतील, "इनव्हर्टर नव्हता का?"

मट्टंचेरीचा राजवाडा फार वेळ खात नाही, कारण आत फोटो काढू देत नाहीत. पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला भेट दिलेला, १६६३ मध्ये डचांनी दुरुस्त केलेला आणि त्या डागडुजीवरच डच पॅलेस असं नाव मिळवलेला. आत भिंतीच्या भिंती रामायणाने भरलेल्या आहेत, पण ज्याचा फोटो नाही ते पाहिल्याचा पुरावा काय? दारातच उभे राहा, मजले मोजा आणि होळकरांना विजयी घोषित करून निघा.

जवळच १५६८ चं परदेसी सिनेगॉग. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, प्रत्येक हाताने रंगवलेली, एकीसारखी दुसरी नाही. इथे शनिवारी जावं. शनिवारी ते बंद असतं, यहुद्यांचा शब्बाथ असतो, आणि त्याशिवाय दारावरच्या माणसाला "आम्ही इंदूरहून आलोय" हे सांगायची संधी मिळत नाही. एवढं म्हटल्यावर जगातलं कुठलंही कुलूप उघडतं अशी आपली श्रद्धा आहे. तो हसून मान हलवेल. मग आवाज चढवून पुन्हा तेच सांगा, या वेळी "स्वच्छतेत नंबर एक" हे जोडून. कुलूप तरीही तसंच राहील, पण आपण आपल्या बाजूने कमी पडलो नाही एवढं समाधान घेऊन समोरच्या दुकानातून मिरी घ्या. तीच मिरी इंदूरच्या सियागंज बाजारात स्वस्त मिळते, हे घरी गेल्यावर कळेल. तोपर्यंत ती "ओरिजिनल" आहे.

मट्टंचेरीत गुजराती रोड आहे. तिथे गाठिया दिसला तर अमेरिका सापडल्याचा आनंद व्यक्त करायला हरकत नाही. याच भागात गोव्याहून शेकडो वर्षांपूर्वी आलेले गौड सारस्वत अजून घरात कोंकणी बोलतात. देवळाच्या पायरीवर दोन आज्या बोलत असतील आणि त्यातलं निम्मं तुम्हाला कळेल. घाबरून जाऊ नका, थांबू तर मुळीच नका. त्यांच्याशी हिंदीत आणि जरा मोठ्याने बोला.

स्वच्छतेचं मात्र मनावर घ्या. २०१७ पासून आपण देशात पहिले, तेव्हा परगावी तपासणी करणं हे कर्तव्यच आहे. पावसाळ्यानंतर खाडीतली जलपर्णी वाहत येऊन किनाऱ्यावर ढीग लागतात. बोट दाखवून म्हणा, "आमच्याकडे असं नाही लागणार तुम्हाला." आणि तेच बोट मोकळं करण्यासाठी हातातलं वेफर्सचं पाकीट वाळूत सोडून द्या. इंदुरात हे कधी करू नये, तिथे मार्क कापले जातात.

परत आल्यावर इंदूरच्या रामबागेत, मंडळाच्या कार्यक्रमात, लग्नाच्या पंगतीत, जिथे विचारतील तिथे एकच उत्तर ठेवा: "ठीक आहे, एकदा पाहून यायला." समुद्र कसा होता असं एखाद्या पोराने विचारलंच तर त्याला फोटो दाखवा. त्यात तुमच्या दोन्ही कानांच्या मागे जो निळसर पट्टा दिसतो, तो समुद्र.

पुढच्या वर्षी विशाखापट्टणम ठरवा. तिथे किनाऱ्यावर कुरसुरा नावाची अख्खी पाणबुडी आणून ठेवली आहे, तिकीट काढून आत हिंडता येतं. फक्त आतली वाट फार अरुंद आहे, तेव्हा काकांना सगळ्यात शेवटी पाठवा आणि शेवेची पिशवी त्यांच्याकडे देऊ नका.