लॅपटॉपमध्ये पीजी म्हणून राहताना

नवीन लॅपटॉप घेतलात? अभिनंदन. लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरलात, शेवटी पहिल्याच दुकानात परत आलात, बॅग आणि माऊस फुकटात मारलात, सगळं रीतसर झालं. आता फक्त बिलावर आपलं नाव आहे म्हणून स्वतःला मालक समजायला लागू नका. गिरगावातला पागडीचा भाडेकरू बघा, 1947 च्या भाडे कायद्याच्या जिवावर तीन पिढ्या त्याच खोलीत, आणि जिन्यात घरमालक भेटला तर आधी नमस्कार घरमालकच करतो. तेवढी ऐपत तुमची नाही. तुम्ही पीजी, म्हणजे पेइंग गेस्ट. डिपॉझिट साठ हजार, परत मिळणार नाही, आणि काकूंचे नियम दारामागे चिकटवलेले.

पहिला नियम, आत येताना ओळखपत्र. विंडोज 11 ची होम आवृत्ती सुरू करताना इंटरनेट मागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. स्वतःच्या घरात शिरायला ईमेल कशाला, असले प्रश्न विचारायचे नाहीत. पूर्वी काही वात्रट लोक शिफ्ट आणि एफ-10 दाबून काळ्या खिडकीत एक मंत्र टाकायचे आणि मागच्या दाराने घुसायचे, 2025 मध्ये चाचणी आवृत्त्यांमधून तो मंत्रही काढून टाकला. सुरक्षेसाठी म्हणे. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गेटलाही सुरक्षेसाठीच कुलूप लागलं, तेव्हापासून स्टेशन सात मिनिटं लांब गेलं.

दुसरं म्हणजे 'नाही' हा शब्द विसरा. पुढे दोनच बटणं येतील, 'हो' आणि 'नंतर'. वर्गणीला आलेल्या मंडळाच्या पोरांना तुम्ही काय सांगता, "नंतर या रे". ते येतातच ना? पण त्यांच्याकडे निदान पावती असते, आणि अनंत चतुर्दशीनंतर वर्षभर तोंड दाखवत नाहीत. इथे अनंत चतुर्दशी नाही. ब्राउझर बदला, फोन जोडा, बॅकअप घ्या. आणि एकदा झोपेत चुकून 'हो' दाबलं की 'आईचे रिपोर्ट' नावाचं फोल्डर डेस्कटॉपवर दिसत राहतं खरं, पण त्याचा पत्ता बघा, मध्ये वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन गोदाम, घुसलेलं असतं. म्हणजे डेस्कटॉप तुमचा, पण राहायला दुसरीकडे. फुकट जागा 5 जीबी. लग्नाच्या एका व्हिडिओत भरते, मग जास्त जागा विकत घ्यायची आठवण काकू करून देतात, अगदी प्रेमाने.

फर्निचर हलवू नका. टास्कबार, म्हणजे स्टार्ट बटणाची ती पट्टी, 1995 पासून वर, डावीकडे, उजवीकडे, कुठेही लावता यायचा, 2021 मध्ये विंडोज 11 आली तेव्हा तो खाली खिळे ठोकून बसवलेला निघाला. आरडाओरड करून काही होत नाही असं नाही हं, 2012 च्या विंडोज 8 मध्ये स्टार्ट बटणच गायब केलं होतं, लोकांनी एवढी बोंब मारली की पुढच्या वर्षी 8.1 मध्ये परत आणून ठेवलं. पण पीजीने बोंब मारू नये, शोभत नाही.

आता जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) हवं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. तुमचं सातव्या पिढीचं यंत्र ठणठणीत चालतंय, फॅनसुद्धा आवाज करत नाही, पण त्यावर महापालिकेसारखी सी-1 ची नोटीस लागली, इमारत अतिधोकादायक, खाली करा. ना प्लास्टर पडलं, ना स्लॅबला तडा. एक वर्षाची मुदतवाढ देतात, त्यासाठी कुठे सही करायची ओळखा बघू? बरोबर, खात्यात लॉगिन.

मॅकवाल्यांनी हसू नये. अनोळखी सॉफ्टवेअर उघडायला पूर्वी कंट्रोल धरून क्लिक केलं की भागायचं, 2024 च्या सिक्वोया या मॅकओएस आवृत्तीपासून तेही गेलं, आता सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःच्याच पाहुण्याची स्वतःच्याच घरात गेटपास काढायची. आणि प्रत्येक ऑफिसात एक लिनक्सवाला असतोच, त्याला याविषयी काही विचारू नका, लंच टाइम जाईल.

राहिला विंडोजचा अपडेट. इथे मात्र काकू उदार आहेत, दिवसातले 18 तासांपर्यंत 'ॲक्टिव्ह अवर्स' तुम्ही ठरवायचे, त्या वेळात यंत्र आपणहून रीस्टार्ट होणार नाही. उरलेले सहा तास त्यांचे. विरारवरून पहाटेची लोकल पकडणाऱ्याने आणि रात्री साडेबाराला परतणाऱ्याने काय करायचं हे विचारू नका, तुम्ही बाकी सगळं ॲडजस्ट करता तसं हेही करा.

समजा सोसायटीची एजीएम आहे. सतरंज्या घातल्यात, प्रोजेक्टर कुणाच्या तरी मेव्हण्याकडून आणलाय, तळमजल्यावर पार्किंगमध्ये पंचेचाळीस माणसं आणि वड्यांची पिशवी. तुम्ही खजिनदार. घरून निघताना घाईत 'अपडेट अँड शट डाऊन' दाबलंत, कारण हात तिथेच गेला. आता झाकण उघडलंत तर भिंतीवर सहा फुटी अक्षरांत अपडेट्सवर काम चालू आहे, 30 टक्के, कंप्युटर बंद करू नका. अशा वेळी चिडायचं नाही. शांतपणे म्हणायचं, "दोन मिनिटं हं." मागून तिसऱ्या मजल्यावरचे काका विचारतील, "अहो, लॅपटॉप तुमचाच ना?" हसायचं. 31 टक्के झालं की वडे वाटायला घ्या.